दारावरचा माणूस

मी गुरुवारी सालसा नाचायला जाते. न्यू जर्सीत रूट ४ या हायवेपासून पाच मिनिटांवर एक रेस्टॉरंट आहे, त्याच्या मागच्या हॉलमध्ये. आठ ते नऊ क्लास, नऊनंतर सोशल, म्हणजे कुणीही कुणाला नाचायला विचारायचं आणि गाणं संपलं की थँक्यू म्हणून पुढच्याकडे वळायचं. आठ वर्षं झाली याला. सुरुवातीला स्वतःच्या पायांकडे बघून बघून मान दुखायची, आता क्लावे ऐकू येतो. क्लावे म्हणजे दोन लाकडी काठ्यांचा ठेका, पाच ठोके, आधी तीन मग दोन किंवा आधी दोन मग तीन, आणि अख्खा बँड त्या पाच ठोक्यांना बांधलेला. आपल्याकडे सम कुठे आहे हे एकदा कळलं की तबलजी कितीही फिरून आला तरी आपण हरवत नाही ना, तसंच काहीसं.

पण आज नाचाबद्दल नाही लिहायचंय, दारावर बसणाऱ्या माणसाबद्दल लिहायचंय, बरेच दिवस डोक्यात आहे.

आमच्या हॉलच्या दारात साठी उलटलेले एक डोमिनिकन गृहस्थ बसतात. मी त्यांना काका म्हणते, अर्थ सांगून झालाय, आता ते त्या हाकेला ओ पण देतात. पुढ्यात फोल्डिंगचं टेबल, त्यावर लोखंडी कॅशबॉक्स, मनगटावर मारायचा शिक्का, नावांची यादी आणि कॉफीचा कागदी कप. शर्ट कडक इस्त्रीचा, बूट चकचकीत. लोक येतात, पैसे देतात, हात पुढे करतात आणि आत जातात, निम्म्यांना वाटतं हा रेस्टॉरंटचाच कुणी माणूस असेल. खरं तर ती अख्खी रात्र त्यांची असते. हॉल त्यांनी घेतलेला, बँडला शब्द त्यांनी दिलेला, डीजे, साउंडवाला, क्लास घेणारी जोडी, सगळ्यांचे आकडे आधीच ठरलेले, आणि माणसं आली नाहीत तर तेवढे पैसे काकांच्या खिशातून जाणार. याला प्रमोटर म्हणतात. शब्द ऐकला की डोळ्यासमोर गॉगल आणि मोठी गाडी येते, पण माझ्या डोळ्यासमोर आता ते फोल्डिंगचं टेबल येतं.

एकदा जानेवारीत बाहेर बर्फ पडत होतं, बँडची माणसं जास्त आणि नाचणारी कमी अशी अवस्था, मी खुर्ची ओढून दाराशी बसले आणि विचारलं की काका तुम्ही या धंद्यात आलात कसे. त्यांनी एकच नाव घेतलं. राल्फ मर्काडो, न्यूयॉर्कमधला लॅटिन संगीताचा प्रमोटर. म्हणाले, आमच्या तरुणपणी पोस्टरवर बँड कुठला हे नंतर बघायचो, आधी मर्काडोचं नाव आहे का ते बघायचो, असलं की निर्धास्त जायचं.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. माझे बाबा सांगलीत कार्यक्रम घ्यायचे. नोकरी होतीच, पण जीव सगळा यात. ऑर्केस्ट्रा, नाटक, भावगीतं, कधी लावणी. कलाकाराची नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे, ठरवायची, नाट्यगृहाची तारीख पकडायची, प्लॅन लागायच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू व्हायच्या दिवशी सकाळपासून खिडकीशी बसून राहायचं, रात्री अकरानंतर खळीची बादली आणि पोस्टरची गुंडाळी घेऊन दोन पोरांबरोबर बाहेर पडायचं. आमच्या नातेवाइकांत याला काही किंमत नव्हती. नाटकात काम करणाऱ्याला निदान टाळ्या तरी मिळतात, कार्यक्रम घेणाऱ्याला लोक फक्त फुकट पास मागतात. कार्यक्रम संपवून बाबा घरी आले की आई मोठं स्टीलचं ताट समोर ठेवायची, ते त्यात गल्ला ओतायचे आणि नोटा लावत बसायचे, सगळ्या नोटांवरचा अशोकस्तंभ एका बाजूला आला पाहिजे. आम्ही भावंडं अर्धवट झोपेत बघायचो. बाबांचा चेहरा बघून कळायचं कार्यक्रम गेला की बसला.

म्हणून काकांनी ते नाव घेतल्यावर मी घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसले, आणि पुढचे कित्येक महिने वाचतच राहिले.

मर्काडो १९४१ सालचा, जन्म ब्रुकलिनचा, वडील डोमिनिकन आणि आई पोर्तो रिकोची. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये वाढलेला पण घरात स्पॅनिश आणि रेडिओवर माम्बो, म्हणजे सालसाच्या आधीचं क्यूबन नाचाचं संगीत. सुरुवात कुठून केली तर बिल्डिंगच्या तळघरातून. त्या पार्ट्यांना वेस्टलाइन पार्टी म्हणायचे, मुलींना प्रवेश फी कमरेच्या मापावर, दारात कुणीतरी टेप घेऊन उभं. आज वाचताना मला ते आवडलं नाही, सरळ सांगते, पण त्या काळच्या पोरांना त्यात गंमत वाटायची आणि गंमत म्हणजेच गर्दी, हे त्या पोराला विशीतच समजलेलं होतं.

त्याच्या आधीचं न्यूयॉर्क पण थोडं सांगायला हवं. ब्रॉडवे आणि ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पॅलेडियम नावाचा बॉलरूम होता. चाळीसच्या दशकाच्या शेवटी तिथला धंदा थंडावला होता तेव्हा फेदेरिको पागानी नावाच्या प्रमोटरने मालकाला लॅटिन बँड लावायला राजी केलं, माचितोचा बँड आला आणि गर्दी लोटली. पुढे पन्नासच्या दशकात माचितो, टिटो पुएन्ते आणि टिटो रॉड्रिग्ज या तिघांनी ती जागा गाजवली, बुधवारी तर ज्यू, इटालियन, काळे, पोर्तो रिकन सगळे एकाच फ्लोअरवर. अमेरिकेत तेव्हा कित्येक ठिकाणी काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसायची पण बंदी होती आणि इथे ते हातात हात घालून माम्बो करत होते. पॅलेडियम १९६६ साली बंद झालं. नाचणारे तर तिथेच होते शहरात, पण जमायचं कुठे?

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती कुठे लिहिलेली नाही पाहिली मी, पण बाबांमुळे मला ती लगेच दिसली. क्लबमालक शनिवार कुणाला देत नाही, शनिवार त्याचा तो भरतो. प्रमोटरला मिळतो तो पडका वार. पॅलेडियमचा बुधवार बघा. १९७१ साली २६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या चीता क्लबमध्ये फानिया ऑल-स्टार्स या बँडचा जो कार्यक्रम झाला, ज्याच्यापासून जगाला सालसा हा शब्द माहीत झाला असं मानतात, तो वार होता गुरुवार. चीतामधल्या लॅटिन नाचाच्या रात्री मर्काडो चालवायचा. पुढे सत्तरच्या दशकात ग्रीनिच व्हिलेजमधल्या व्हिलेज गेट क्लबमध्ये त्याने जॅक हूकबरोबर सालसा आणि जॅझ एकत्र आणणारी मालिका चालवली, लॅटिन बँड आणि त्यांच्यात वाजवायला एखादा जॅझवाला पाहुणा, ती सोमवारी. आमच्या काकांचा गुरुवार. आणि बाबांना नाट्यगृहाची तारीख मिळायची ती मंगळवार नाहीतर बुधवार, रविवार मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांना. कुणालाच नको असलेला दिवस घ्यायचा आणि लोकांनी आठवडाभर त्याची वाट बघावी असं काहीतरी त्यात घालायचं, हा खरा धंदा. दुसऱ्या दिवशी कामाला जायचंय हे माहीत असून माणूस रात्री एकपर्यंत थांबला पाहिजे.

चीताच्या त्या रात्रीबद्दल दोन वाक्यं. फानिया ही रेकॉर्ड कंपनी जॉनी पाचेको या डोमिनिकन बासरीवाल्याने आणि जेरी मसूची या इटालियन वंशाच्या वकिलाने १९६४ साली काढलेली. त्यांनी आपले सगळे गायक-वादक एकाच स्टेजवर चढवले, रे बारेत्तो, विली कोलोन, एक्तोर लावो, चेओ फेलिसियानो, लॅरी हार्लो, आणि त्याचं शूटिंग केलं, रेकॉर्डिंग केलं. दोन वर्षांनी याच मंडळींनी यांकी स्टेडियम घेतलं, चाळीस हजारांवर माणसं, आणि काँगा नावाच्या ढोलांची जुगलबंदी रंगात आली तसे लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले आणि कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला. तो व्हिडिओ बघताना सगळे गर्दीकडे बघतात. माझं लक्ष सारखं कडेला उभ्या असलेल्या, हात वर करून लोकांना मागे ढकलणाऱ्या माणसांकडे जातं.

मर्काडोने १९७२ साली स्वतःच्या नावाची मॅनेजमेंट कंपनी काढली, आरएमएम. कलाकारांच्या तारखा, दौरे, बिदागी, सगळं ती बघणार. मॅडिसन स्क्वेअर गार्डनला न्यूयॉर्क सालसा फेस्टिव्हल भरवायला लागला, दरवर्षी. वीसेक हजार माणसांची जागा आहे ती. तळघरात पार्ट्या भरवणारा पोरगा गार्डन भरतोय. मधली पायरी कुठली असं विचारलं तर काका म्हणतात पायरी वगैरे काही नसते, वेळेवर पैसे देणारा असं एकदा नाव झालं की वादकच येऊन विचारतात. हे बाबांच्या तोंडचं वाक्य आहे अगदी, सांगलीत आणि न्यूयॉर्कमध्ये एकच.

आणि मग ऐंशीचं दशक. सालसा मागे पडत चालला होता. मेरेंगे हे डोमिनिकन नाचाचं संगीत जोरात, आणि पोर्तो रिकन आईबापांची न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली पोरं हाउस, फ्रीस्टाइल, हिपहॉपच्या क्लबात. आईबापांचं संगीत म्हणजे लग्नात वाजतं ते. अशा वेळी १९८७ साली मर्काडोने रेकॉर्ड कंपनी काढली. गायिका सेलिया क्रूझ आणि टिटो पुएन्तेसारखे बुजुर्ग त्याच्याकडे होतेच, पण त्याने केलं काय तर त्या हाउसच्या क्लबांमधूनच गाणारी पोरं उचलली. ला इंडिया तिथली. मार्क अँथनी तिथला. मार्क अँथनीला सालसा गायचाच नव्हता, मग एक दिवस गाडीत रेडिओवर हुआन गाब्रिएल या मेक्सिकन गायकाचं गाणं लागलं आणि हे आपण सालसात करायचं असं त्याच्या डोक्यात बसलं, ही गोष्ट तो स्वतः सांगतो. १९९३ साली त्याचा पहिला सालसा अल्बम आला, आरएमएमकडून. संगीतकार-निर्माता सर्जिओ जॉर्ज, ज्याने पियानो आणि ब्रासची मांडणी अशी केली की क्लबातल्या पोरांनाही ती आपली वाटली. त्याच सुमाराला इंडिया आणि मार्क अँथनीचं जे द्वंद्वगीत आलं ते आजही आमच्या सोशलला लागलं की बसलेले सगळे उठतात, तिशीतले आणि सत्तरीतले पण.

एक उदाहरण मला फार आवडतं म्हणून सांगतेच. टोकियोत एक बँड होता, ओर्केस्ता दे ला लूस, सगळे जपानी, गायिकेचं नाव नोरा, आणि गाणार अस्सल स्पॅनिशमध्ये सालसा. मर्काडोने त्यांना पाठबळ दिलं, सर्जिओ जॉर्जने त्यांचा अल्बम केला आणि १९९० साली तो अमेरिकेच्या ट्रॉपिकल, म्हणजे सालसा-मेरेंगेच्या, चार्टवर पहिल्या नंबरला. आपलं संगीत दुसऱ्याने केलं की आपल्याकडे लगेच नाकं मुरडली जातात, आमच्या इथल्या मंडळात एका गोऱ्या मुलीने लावणी केली तेव्हा काय काय बोलणं झालं ते मी ऐकलंय. न्यूयॉर्कच्या त्या लोकांनी जपान्यांना डोक्यावर घेतलं. मला, म्हणजे नऊवारीच्या देशातून येऊन सालसा करणाऱ्या बाईला, हे वाचून फार बरं वाटलं.

आता पडझड. ही बाजू मी टाळणार नाही कारण मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे.

पोर्तो रिकोचा गायक-गीतकार ग्लेन मोनरॉइग, त्याचं एक गाणं आरएमएमच्या रेकॉर्डिंगमध्ये चेओ फेलिसियानोने गायलं. त्याची परवानगी न घेता, आणि शब्दही बदललेले. मोनरॉइग कोर्टात गेला. २००० साली पोर्तो रिकोतल्या ज्यूरीने निकाल दिला, सुमारे ७७ लाख डॉलर भरा. त्याच वर्षी नोव्हेंबरात आरएमएमने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी सगळी मालमत्ता, म्हणजे ती सगळी गाणी, युनिव्हर्सल म्युझिककडे गेली. तेरा-चौदा वर्षांचं सगळं काम.

मी आधी वाचलं तेव्हा वाटलं एका गाण्यापायी एवढं? नंतर विचार केला की का नाही. गाणं लिहिणाऱ्याचं ते पोर आहे. कुणी न विचारता उचलून त्याचे कपडे बदलून बाजारात उभं केलं तर कसं वाटेल. गंमत-जंमत, शब्दाला शब्द, तू माझा मी तुझा, यावर हा सगळा धंदा चालायचा आणि वाढायचा, कागद नंतर बघू असं म्हणत. आमच्याकडे पण तसंच होतं. एका नावाजलेल्या गायकाने बाबांकडून निम्मी रक्कम आगाऊ घेतली, तारीख पक्की, नाट्यगृह फुल्ल, आणि संध्याकाळी साडेसातला निरोप आला की येत नाही. कागद नव्हता. शब्द होता. बाबा खिडकीत उभे राहिले आणि शेवटच्या माणसापर्यंत तिकिटाचे पैसे परत केले, काही लोक फार वाईट बोलले, मी तिथेच मागे स्टुलावर बसले होते, नऊ वर्षांची. पुढच्या महिन्यात आमची स्कूटर गेली. बाबांनी त्या गायकाचं नाव घरात कधी घेतलं नाही आणि मीही इथे घेत नाहीये. पण त्यानंतर बाबांच्या बॅगेत कायम स्टॅम्प पेपर असायचा.

मर्काडो २००९ साली १० मार्चला गेला, कॅन्सरने, वय ६७. कुठे गेला तर हॅकेनसॅकला, इथल्या रूट ४ वरच्याच गावात. मी रोज हॅकेनसॅकवरून जाते! सेलिया क्रूझ २००३ मध्ये गेली ती फोर्ट लीला, त्याच रूट ४ च्या दुसऱ्या टोकाला. जॉनी पाचेको २०२१ मध्ये, टीनेकला, या दोघांच्या मधोमध. जो रस्ता मी इतकी वर्षं पटेलांच्या दुकानात जायचा रस्ता म्हणून ओळखत होते त्या रस्त्यावर हे सगळे गेले. सेलियाच्या अंत्ययात्रेला फिफ्थ अॅव्हेन्यूवर माणसांचा समुद्र होता, सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलपर्यंत घोड्यांची गाडी. प्रमोटरसाठी रस्ते कुणी बंद करत नाही, पण गाणारे आणि वाजवणारे त्याला रडले.

दानधर्माचं काय असं मला एका मैत्रिणीने विचारलं, म्हणजे नाइटक्लबवाले लोक आणि चॅरिटी हे कुठे जुळतं. अगं, तिथेच जुळतं. ज्याला एका निरोपावर हजार माणसं एका छताखाली आणता येतात त्याच्याच दारात लोक मदत मागायला येतात, वादकाची आई आजारी, कुणाचं घर जळालं, कुठे वादळ आलं. आपल्याकडे तर त्याला शब्दच आहे, सहाय्यार्थ प्रयोग. सेलिया मायामीतल्या कॅन्सर लीगच्या टेलिथॉनसाठी, म्हणजे टीव्हीवरून देणग्या गोळा करायच्या कार्यक्रमासाठी, वर्षानुवर्षं गायली. टिटो पुएन्तेने शिकणाऱ्या पोरांसाठी स्कॉलरशिपचा फंड काढला. आणि मर्काडोने उभा केलेला तोच मार्क अँथनी, त्याने २०१२ साली हेन्री कार्डेनासबरोबर मायस्ट्रो केअर्स नावाची संस्था काढली. कार्डेनास गायक नाही, मूळचा कोलंबियाचा, शिकागोत बस्तान बसवलेला, लॅटिन कलाकारांचे दौरे करणारा प्रमोटर. त्यांचं पहिलं काम म्हणजे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ला रोमाना इथे अनाथ मुलांसाठी बांधलेलं घर, २०१४ साली उघडलं, नंतर लॅटिन अमेरिकेत इतर देशांतही. मला यात कार्डेनासचा भाग जास्त दिसतो, कारण दौरा करणं आणि घर बांधणं यात लागणारं डोकं एकच, जागा बघा, कंत्राटदार गाठा, तारीख ठरवा, पैसे कुठून येणार ते आधी लिहून काढा. गायकाच्या नावावर चेक येतात, पण विटा वेळेवर येतात त्या दुसऱ्याच कुणामुळे तरी.

१९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. दिवाळीच्या आत बाबांनी सहाय्यार्थ कार्यक्रम लावला. कुणीही नाइट घेतली नाही, साउंडवाल्याने पण नाही. हॉलच्या पायऱ्यांवर पत्र्याचा डबा ठेवलेला, भोकाला लाल कापड. रात्री स्टेजवरच, पडदा उघडा ठेवून, बाबांनी डबा ओतला आणि चार प्रेक्षकांना वर बोलावून मोजायला लावला, आणि आकडा माइकवर सांगितला. पैसे भरल्याची पावती आठवडाभर नाट्यगृहाच्या बाहेर बोर्डावर चिकटवलेली होती. मी शाळेतून येताना रोज थांबून ती वाचायचे. बाबांचं म्हणणं, तिकिटाचा गल्ला घरी मोज, मदतीचा डबा लोकांसमोर मोज आणि आधी मोज.

२०२५ च्या एप्रिलची गोष्ट. सांतो दोमिंगोमध्ये जेट सेट नावाचा जुना क्लब होता. तिथला सोमवार प्रसिद्ध, बघा, परत पडका वार, दर सोमवारी मोठा बँड आणि सगळ्या थरांतले लोक नाचायला. ७ एप्रिल २०२५ च्या सोमवारी मेरेंगे गायक रुबी पेरेसचा कार्यक्रम होता, आणि मध्यरात्र उलटल्यावर, गाणं चालू असताना, छत कोसळलं. दोनशेहून जास्त माणसं गेली. रुबी पेरेस गेला. कामावरून येऊन आंघोळ करून, चांगले कपडे घालून नाचायला आलेली माणसं.

काका दोन गुरुवार आलेच नाहीत. सोशल झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात माझ्या फोनवर फोटो आला, फ्लायरचा, त्या कुटुंबांच्या मदतीसाठी रात्र. आणि खाली मला वेगळा मेसेज, दारावर बसशील का.

मी साडेसहालाच गेले. काका हॉलमध्ये खाली नव्हते, शिडीवर होते. रेस्टॉरंटच्या मालकाला उभं करून छताच्या टाइल्स काढून टॉर्चने आत बघत होते. मग मागचं इमर्जन्सीचं दार तीन वेळा उघडून बघितलं, तिथे ठेवलेले बियरचे क्रेट स्वतः उचलून बाहेर ठेवले. परवान्यावर जितकी माणसं लिहिलीत तो आकडा एका कागदावर लिहून कॅशबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला आणि मला म्हणाले एवढे झाले की थांबव, मग बाहेर माझा भाऊ का उभा असेना. त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांचा एक चुलतभाऊ त्या सोमवारी तिथे होता, हे मला नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं.

खूप माणसं आली. मी शिक्के मारत होते, सुटे देत होते, आणि शेजारी एक बुटाचा खोका, वर भोक पाडलेलं. लोक तिकिटाचे पैसे मला देत आणि मग खोक्याकडे वळून परत खिशात हात घालत. एका म्हाताऱ्या बाईंनी रुमालात बांधलेल्या नोटा आणलेल्या, रुमालासकट टाकल्या. आकडा पुरा झाला तेव्हा बाहेर अजून तीसेक माणसं होती, मी थांबवलं, एकजण ओरडला पण बाकीचे नाही. ते तिथेच पार्किंगमध्ये थांबले आणि हळूहळू तिथेच नाचायला लागले, दारातून येईल तेवढ्या आवाजावर.

बारा वाजता बँड थांबला. काकांनी मला विचारलं की पैसे ऑफिसात नेऊन मोजू या का. मी म्हटलं खोका इथेच मोजू, सगळ्यांसमोर, आधी तो. ते माझ्याकडे बघत राहिले जरा. मग एक टेबल ओढून फ्लोअरच्या मध्ये आणलं, रुमालवाल्या बाईंना खुर्ची दिली, ट्रम्पेटवाला आला, बारवरची मुलगी आली आणि आम्ही चौघांनी खोका ओतला. मी नोटा लावायला लागले. थोड्या वेळाने ट्रम्पेटवाला पण माझं बघून तशाच लावायला लागला, सगळे चेहरे एका बाजूला. ४,१८६ डॉलर झाले. काकांनी फ्लायरच्या पाठीमागे आकडा लिहिला, माइक हातात घेतला आणि स्पॅनिशमध्ये वाचला, मग इंग्लिशमध्ये, मग कागद दोन्ही हातांनी वर धरला म्हणजे मागच्यांनाही दिसेल.

घरी पोचून बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ होती. सगळं सांगितलं, छत, क्रेट, खोका. ते ऐकत होते. मग म्हणाले, पावती आली की फोटो पाठव मला.